भाऊजींचा भोवरा

आमच्या ह्यांच्या पोटात दुखायचं कारण एकच, आणि ते दिवसभर ह्यांच्या शेजारच्या खुर्चीमागे उभं असतं. ते म्हणजे माझे धाकटे दीर. दोघे भाऊ केस कापतात. दुकान एक, खुर्च्या दोन, समोर भिंतभर आरसा. दुकानामागच्या खोल्यांत आम्ही सगळे राहतो. मधे नुसता पडदा आहे, त्यामुळे दुकानातलं सगळं मला ऐकू येतं, आणि मी ते ऐकतेही. कोणाला आवडो न आवडो.

बाकीची माणसं सकाळी एकदा आरशात बघतात आणि कामाला लागतात. ह्यांचं कामच आरशासमोर. मान वर केली की आधी स्वतःचं कपाळ दिसणार, आणि त्याच्या शेजारी भाऊजींचं डोकं. तिशी ओलांडली तसं ह्यांचं कपाळ दोन्ही बाजूंनी मागे सरकायला लागलं. भाऊजींचे केस मात्र असे, की घातलेला कंगवा आत अडकून बसावा. त्यात ते ताडमाड उंच. गिऱ्हाईक दारातून आत येतं, दोघांकडे नीट बघून घेतं आणि म्हणतं, "मी थांबतो. मला त्यांच्याकडूनच कापून घ्यायचेत." मग हे आपल्या रिकाम्या खुर्चीवर फडकं झटकत राहतात. किती जोरात झटकतात त्यावरून आत मला कळतं, बाहेर काय झालं असेल ते.

एक मास्तर तर ह्यांच्याच खुर्चीत बसून म्हणाले, "माझे त्यांच्यासारखे दिसले पाहिजेत हं."

हे म्हणाले, "त्यासाठी आधी तेवढे असावे लागतात."

मास्तर पुन्हा आले नाहीत.

जेवताना विषय तोच. "आई एक, बाप एक, मग हे वाटप केलं कोणी?" हे विचारायचे. "लहानपणी आई त्याच्याच डोक्याला जास्त तेल चोळायची."

सासूबाई तेव्हा होत्या. त्या शांतपणे म्हणायच्या, "तो डोकं धरून द्यायचा. तू पळून जायचास." भाऊजी गालात हसायचे आणि ह्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

उपाय किती केले म्हणून सांगू? तेलं झाली, पाले वाटून झाले. कांद्याचा रस लावायला लागले तेव्हा मी ह्यांची उशी उचलून दुकानात नेऊन ठेवली, म्हटलं, निजा आता तिकडेच. पण सगळ्यात मोठा घोळ ह्यांनी धंद्याच्या जोरावर घातला. वस्तरा फिरवला की केस दाट येतात, हे ह्यांच्या दुकानातलं ठरलेलं वाक्य. सासरे गिऱ्हाइकांना तेच सांगायचे, हेही तेच सांगत आले. एवढ्या लोकांना सांगितलेलं खोटं कसं असेल? भाऊजींना म्हणाले, फिरव वस्तरा. डोकं गुळगुळीत झालं. थोडे केस फुटले की माझा हात धरून डोक्यावर ठेवायचे, "बघ, कसे राठ लागतात! दाट आलेत." ते वाढले की आधीसारखेच विरळ. मग पुन्हा वस्तरा. असं वर्षभर चाललं. शेवटी मीच हाताला धरून ह्यांना त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "वस्तरा वरचं कापतो, मूळ आत असतं. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. पुरुषांच्या शरीरातलं एक हार्मोन काही केसांच्या मुळांना सोसत नाही. दर खेपेला केस आधीपेक्षा बारीक उगवतो आणि शेवटी उगवेनासा होतो."

ह्यांनी स्वतःचं काही विचारायच्या आधी काय विचारावं? "मग माझ्या भावाचे कसे शाबूत?"

"हे आईकडूनही येतं, वडिलांकडूनही येतं. पण सगळ्या भावांना सारखंच येईल असं नाही. एखाद्याचे लवकर जातात, एखाद्याचे उशिरा. कोणाचे कपाळाकडून, कोणाचे टाळूवरून."

मग त्यांनी डोक्याला लावायचं औषध लिहून दिलं. सुरुवातीला काही आठवडे केस जास्तच गळतील, घाबरून बंद करू नका, म्हणाल्या. फरक दिसायला महिने लागतील, आणि सोडलं तर राखलेलं पुन्हा जाईल. एक गोळीही असते, पण ती कोणाकोणाला बाधते, अगदी नवराबायकोच्या सुखातही अडथळा येऊ शकतो, म्हणून ती तपासून, सांगून मगच द्यायची. ह्यांनी गोळीला तिथल्या तिथे हात जोडले. शेवटी बाई म्हणाल्या, "जिथे पार गुळगुळीत झालंय तिथे औषधाचा उपयोग नाही. आहेत ते टिकवू. दोन वर्षं आधी आला असतात तर बरेच वाचले असते."

ते शेवटचं वाक्य ह्यांच्या काळजाला जे लागलं, ते लागलंच.

आता एक सांगायला हवं. केस कापणाऱ्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. म्हणून अधूनमधून सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून हे दोघे एकमेकांचे कापतात. माझ्या लग्नाआधीपासूनची पद्धत आहे ही. औषध सुरू झाल्यानंतरच्या अशाच एका सुट्टीला हे भाऊजींचे केस कापून आत आले, ते असे उजळून आले की मला वाटलं, लॉटरीच लागली.

माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बारक्याचा भोवरा रुंद झालाय."

टाळूवर केस जिथे गोल फिरतात, तिथे भाऊजींची कातडी दिसायला लागली होती. भाऊजी एवढे उंच, की उभे असताना त्यांची टाळू दिसणार कोणाला? ते मान खाली घालून बसतात ते फक्त ह्यांच्यासमोर.

"मग सांगितलंत त्यांना?"

"मी कशाला सांगू? मागचा आरसा मानेपर्यंतच दाखवला." आणि चक्क गुणगुणत हात धुवायला गेले.

तेव्हापासून ह्यांचा नूरच पालटला. गिऱ्हाईक भाऊजींसाठी थांबलं तरी हे मिशीत हसायचे. अशा दोन-तीन सुट्ट्या गेल्या आणि मला मात्र चीड यायला लागली. मी म्हटलं, "अहो, बाई काय म्हणाल्या विसरलात? वेळेत गेलं तर वाचतात."

"मला कोणी वेळेत सांगितलं होतं? त्यालाही कळू दे, उशीर म्हणजे काय ते."

"सख्खा भाऊ आहे तो तुमचा."

"म्हणून तर!"

ह्या उत्तरावर माझं डोकं सणकलं. म्हटलं, "पुढच्या सुट्टीपर्यंत तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन."

"तुला काय दिसणार? तू त्याच्या खांद्याला लागतेस."

"स्टुलावर चढेन!"

ती सुट्टी उजाडली. आधी ह्यांचा नंबर होता. हे खुर्चीत, गळ्याभोवती कापड, मागे कात्री घेऊन भाऊजी. मी चहाचे कप घेऊन पडद्याशी आले, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "दादा, एक बोलू? रागावू नकोस."

"बोल."

"तुझं कपाळ मागे चाललंय ते मला तुझ्याआधी दिसलं होतं. केस ओले करून मागे घेतले की कळायचं. पण तुला वाईट वाटेल म्हणून जीभच रेटली नाही. तेव्हाच बोललो असतो तर तू वेळेत डॉक्टरकडे गेला असतास. हे मनाला सारखं लागून राहिलंय रे."

हे ताडकन उठले. डोकं अर्धंच कापलेलं. "म्हणजे तू बघत होतास! सख्ख्या भावानं केसानं गळा कापला माझा! आणि वर वस्तराही तूच फिरवलास!"

"तूच म्हणालास ना, फिरव म्हणून?"

"हो का? मग आता तूही ऐक. तुझा भोवरा चाललाय, बारक्या! कातडी दिसते मागून! फार मिरवतोस ना? तुझेही चाललेत!"

बोलून गेले आणि मग ह्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. एवढं दिवसचे दिवस दाबून ठेवलेलं, ते रागाच्या भरात भावाच्या अंगावर फेकलं होतं. भाऊजींचा हात आपोआप टाळूवर गेला. बोटांनी चाचपून त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदतीला गेले नाही.

"तीन-चार वेळा कापले, तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस."

"नाही."

"मला वाईट वाटेल म्हणून?"

इथे खोटं बोलायची आयती सोय होती. भाऊजींनीच ती करून दिली होती. हे खाली पडलेल्या केसांकडे बघत राहिले.

"नाही," म्हणाले. "मला बरं वाटत होतं म्हणून."

माझ्या हातातला चहा निवून गेला. मग भाऊजींनी कात्री उचलली. "बस," म्हणाले. "अर्धं राहिलंय."

मधे काही दिवस दोघांत बोलणं नव्हतं. कंगवा हवा असला तरी गिऱ्हाइकाकरवी मागायचे. मग एका सकाळी भाऊजी म्हणाले, "चल, ती डॉक्टरीण दाखव." बाईंनी टाळू पाहिली आणि खूश झाल्या. "अगदी वेळेत आलात. कोणाच्या लक्षात आलं?"

"दादाच्या," भाऊजी म्हणाले. हे भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होते.

आता बरेच महिने झाले. ह्यांचं कपाळ जिथे होतं तिथे थांबलंय, ह्यापेक्षा जास्त काही होणार नाही. भाऊजींचे मात्र भरून येताहेत. गिऱ्हाइकं अजून त्यांच्यासाठीच थांबतात आणि हे अजून फडकं झटकतात. जळणं काही कमी झालेलं नाही. उलट आता तर जे जळवतं, ते स्वतःच राखायची पाळी आलीय. भाऊजी औषधाचा जराही कंटाळा करायला लागले की हेच ओरडतात, "लाव आधी! सोडलंस तर जातील सगळे!" आणि ओरडून झालं की असं तोंड करतात, जणू कडू गोळी चघळलीय.

मोबाइलवर टाळूचा फोटो काढता येतो, पण भाऊजींना फोटो पटत नाही. त्यांना दादाचा शब्द लागतो. सुट्टीच्या दिवशी मान खाली घालून बसतात आणि विचारतात, "दादा, खरं सांग, भरतंय का?"

हे बोटांनी केस बाजूला करतात आणि बघत राहतात. ओठ आवळलेले, नाकपुड्या फुगलेल्या. शेवटी कोणीतरी दात उपटावा तसा शब्द बाहेर येतो, "भरतंय." खोटं अजून एकदाही बोलले नाहीत. पण जितके जास्त भरलेले असतील, तितका ह्यांना बोलायला वेळ लागतो. भाऊजींनी ते कधीच ओळखलंय. परवा हे इतका वेळ गप्प राहिले, की उत्तराची वाट न बघताच भाऊजी हसायला लागले.