सखूमावशींची ताठ मान

आता तुमच्यापासून काय लपवायचं? शहाणपणा करायला गेलो आणि अख्ख्या ऑफिससमोर माती खाल्ली!

अंबडच्या एका कारखान्यात मी दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढतो. बारा वर्षांत मानेची पार वाट लागली. गळ्यात पट्टा, स्कूटर बंद. फिजिओथेरपिस्टनं व्यायाम लिहून दिले होते. केले का? छे! कागद फ्रिजवर चिकटवून ठेवला.

अशात खिडकीतून दिसल्या सखूमावशी. शेजारी शेडचं बांधकाम चाललेलं. मावशी पेठ तालुक्याकडच्या, पन्नाशीच्या. डोक्यावर कापडाची चुंबळ, तिच्यावर वाळूचं घमेलं, आणि मान? ओळंबा लावून घ्यावा इतकी सरळ! हलत्या फळीवरून चढतायत, पण मान इकडची तिकडे नाही. मी बघतच राहिलो हो! म्हटलं, कसला पट्टा न् कसलं काय, खरं औषध म्हणजे डोक्यावर ओझं!

दुसऱ्याच दिवशी टॉवेलची चुंबळ केली, वर चार जाड फायली. आठवडाभरात माझं ऐकून सगळा विभाग तसाच बसायला लागला. दुखणं? वाढलं!

"सुरुवातीला वाढतंच," मी ठणकावून सांगायचो.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत मावशींनाच वर बोलावलं.

"मावशी, मान कशी ठेवायची ते यांना दाखवा."

मावशी उभ्या राहिल्या. टाळ्या!

"आता जरा डावीकडे वळवा."

मावशी पायांसकट अख्ख्याच वळल्या.

"अहो, नुसती मान!"

"ती कुठं वळती, साहेब? दोन वर्सं झाली, लय ठणकती. तुमच्या गळ्यात पट्टा पाहिला, म्हनलं यांना चांगला डाक्टर ठाव असंल. म्हनून तर आले!"

माझ्या डोक्यावरच्या फायली धाडकन खाली आल्या. अरे देवा! ही बाई ठणकत्या मानेवर वाळू वाहते, आणि मी माऊस हलवून कण्हतो? खरंच सांगतो, पाया पडावंसं वाटलं. पण वाकता कुठं येत होतं!

संध्याकाळी त्यांना माझ्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं. तिथं सांगितलेला एकेक व्यायाम मावशींनी नेमानं केला, मुकादमाशी भांडून घमेलंही अर्धंच भरायला लावलं. दोन महिन्यांत मान वळायला लागली.

वळते कुठं? आमच्या खिडकीकडे! मी जरा वाकून बसलो की फळीवरून हाक येते, "ओ साहेब, मान!" आणि मागं सगळं ऑफिस खिदळतं.

कोण कोण हसतंय ते बघायला माझी मान मात्र अजून वळत नाही.