डावा कौल

माझ्या धाकट्या बहिणीच्या फ्रीजला दोन दारं आहेत. लोणावळ्याला तिच्याकडे गेले की मी आधी ती दारं बघते आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. ती दवाखान्यात नर्स आहे. स्वतःची स्कूटर आहे, बोलणंही आता शहरी झालंय. कुठं जायचं असेल तर ती घरात विचारत नाही, नुसतं सांगते. माझं सासर वाईट आहे असं नाही. इंद्रायणी तांदूळ घरचा, नवरा शब्दानं दुखवत नाही. पण नर्स व्हायचं होतं मला, तेही तिच्या दोन वर्षं आधी.

बारावी झाल्यावर मी घरात तसं बोलले, तेव्हा आई म्हणाली, देवाला विचारू. वडगावजवळच्या आमच्या गावात लग्न असो की विहीर, कौल घेतल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. गुरव देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना ओली पाकळी चिकटवतो. उजवी आधी गळाली तर होकार, डावी गळाली तर नकार. माझी डावी गळाली. आईनं हात जोडले, मीही जोडले. सहा महिन्यांत माझं लग्न झालं.

दोन वर्षांनी बहिणीनं तोच हट्ट धरला. मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आले होते, त्यामुळे देवळात गेले नाही. आई परतली ती पेढे घेऊनच. "उजवा पडला," एवढंच म्हणाली. मी पेढा खाल्ला नाही. बाळाला बाधेल असं सांगितलं.

पुढं किती वर्षं मी देवावर रुसून होते. एकदा गुरवआबांना गाठलंच. "आबा, देवाला समदं आदीच म्हाईत असतं ना? मी घरात ऱ्हाणार, ती जाणार, हे त्याला ठाव हुतं. मग कौल कशाला लावायचा? आपल्या हातात काय ऱ्हायलं?"

आबा वाती वळत होते. "त्याला ठाव असतंय गं. तुला कुटं असतंय? म्हून इचारायचं."

"पन त्यानं ठरवलंय तेच हुनार की."

"ठाव असनं येगळं, ठरवनं येगळं. मी किती भाकरी खानार त्ये माजी म्हातारी आदीच वळखती. म्हून काय ती माज्या तोंडात कोंबती व्हय?"

मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचंच नव्हतं. देवानंच ठरवलं असेल तर माझी काही चूक नव्हती, आणि बहिणीचंही काही कर्तृत्व नव्हतं. या समजुतीवर माझं बरं चाललं होतं.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी तिच्याकडे होते. भुशी धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला, म्हणून जेवायलाच थांबले. गवार मोडता मोडता बोलून गेले, "तुला काय बाई, तुला देवानंच धाडलं."

ती हसली. "देवानं? पहिले दोन कौल डावेच पडले होते. मी आबांना म्हटलं, परत लावा. आई कानकोंडी झाली, पण मी उठलेच नाही. तिसऱ्यांदा पडला उजवा. नसता पडला तर चौथ्यांदा लावायला सांगणार होते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू किती वेळा विचारलंस?"

मी पुढची शेंग मोडायला घेतली. पुन्हा विचारता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्या नशिबावर जळत होते. नशीब निदान देवाच्या घरचं, हे तर तिचं स्वतःचं होतं. तिचा इतका हेवा मला आजवर वाटला नव्हता.

"तीनदा," मी म्हटलं. "तिन्ही वेळंला डावाच."

ती हळहळली. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी हे खोटं बोलणार, हे देवाला आधीपासून ठाऊक असेल. बोलले मात्र मी, कुणाचा कौल न घेता.