तीनतालातला सौदा

शास्त्रीय संगीताने माणूस शांत होतो, यावर माझा आता पूर्ण विश्वास बसला आहे. आणि त्याबद्दलच माझी तक्रार आहे.

मी सुपारीचा व्यापारी. वाशीच्या बाजारात पाठीवर पोती वाहण्यापासून सुरुवात केली आणि आज बोर्ली पंचतनच्या बाजारात माझा स्वतःचा गाळा आहे. हे सगळं दोन नियमांवर मिळवलं. एक, समोरच्यावर विश्वास ठेवायचा नाही. दोन, सांगितलेला भाव मान्य करायचा नाही. (स्वतःच्या लग्नात मी भटजींशी मंगलाष्टकांवरून घासाघीस केली होती. आठाच्या सहा करून घेतल्या. सासरे त्या दिवसापासून माझ्याकडे आदराने पाहू लागले, अशी माझी समजूत आहे.)

गेल्या वर्षी चक्कर आली म्हणून श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा पाहिला आणि पुन्हा फुगवला.

"मशीन बिघडलंय का?" मी विचारलं.

"मशीन ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मन रमवायला काय करता तुम्ही?"

"भांडतो."

"खरं सांगतायत," बाजूला बसलेली माझी बायको सुनंदा म्हणाली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि वर म्हणाले, "रोज सकाळी अर्धा तास शास्त्रीय संगीत ऐका. शांत, आनंदी, सुरेल. महिन्याने पुन्हा प्रेशर बघू. नाही उतरलं, तर यंदा हंगामाचे सौदे दुसऱ्या कुणाला करू द्या. तुमच्या अंगाला ते झेपणार नाहीत."

"अर्धा तास फार होतो. वीस मिनिटं करा."

"पंचवीस," डॉक्टर म्हणाले.

पाच मिनिटं वाचवली! मी खुशीत बाहेर आलो. रिक्षात बसेपर्यंत ती खुशी टिकली. मग सुनंदा म्हणाली, "सौद्याला दिलीप आहेच की. नाहीतरी निवृत्त झाल्यापासून मोकळाच असतो."

दिलीप म्हणजे तिचा धाकटा भाऊ. अलिबागला राहतो. माणूस चांगला आहे असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. आठ वर्षांपूर्वी तो मला पेटी घ्यायला सोबत घेऊन गेला. (वाजवायची पेटी. मला वाटलं होतं, कपड्यांची.) दुकानदाराने भाव सांगितला. मी बाह्या सरसावल्या, घसा साफ केला, 'अर्ध्यात द्या' म्हणणार, तेवढ्यात दिलीपने खिशातून नोटा काढल्या आणि सांगितलेला भाव दिला! पूर्ण! माझ्या देखत! वर दुकानदाराला 'धन्यवाद' म्हणाला! भरल्या बाजारात माझी लाज गेली. तेव्हापासून त्याच्याशी मी कामापुरतंच बोलतो, आणि त्याच्याशी माझं कधी काम पडत नाही.

आणि हा माणूस माझ्या गादीवर बसणार? गिऱ्हाईक म्हणणार 'इतक्याला द्या' आणि हा म्हणणार 'बरं'!

प्रेशर उतरवणं भाग होतं.

चार दिवसांनी दिलीप एक छोटा स्पीकर आणि पेनड्राइव्ह घेऊन हजर झाला. सुनंदाने बोलावलं होतं. बहीण-भाऊ स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. मी आत गेलो की दोघं गप्प. मला तेव्हाच वास आला. (आमसुलाच्या सारालाही फोडणी बसली होती, पण मी म्हणतोय तो वास वेगळा.) माझ्या गादीवर डोळा असलेल्या माणसाने माझ्यासाठी गाणी निवडायची, म्हणजे कोंबड्यांची व्यवस्था बोक्याने बघायची!

"हं, दाखवा माल," मी म्हटलं.

दिलीपने पहिलं गाणं लावलं. एक बुवा 'आ' म्हणाले. थोडं थांबून पुन्हा 'आ' म्हणाले. दहा मिनिटं झाली.

"सुरू कधी होणार?"

"झालंय की, भावजी. हा विलंबित ख्याल."

"शब्द किती आहेत यात?"

"दोन ओळी."

"आणि चालणार किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

चाळीस मिनिटांत दोन ओळी! मी व्यापारी आहे. पोत्यात वर चार सुपाऱ्या आणि खाली खडी भरणारे मी पाहिलेत. "ही सगळी भरती आहे," मी म्हटलं. "दुसरं काढ."

दुसऱ्यात बाई इतक्या वेगात गायल्या की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला आणि माझी नस कपाळावर उडू लागली. सुनंदाने धावत येऊन स्पीकर बंद केला. 'हाच तर बेत!' मी मनात म्हटलं. 'मला चढवायचं आणि गादी घ्यायची!'

मग दिलीपने बासरी काढली. "हा भूप. शांत आहे, प्रसन्न आहे. फक्त पाच सुरांचा राग."

"सूर एकूण किती असतात?"

"सात."

"मग उरलेले दोन?"

"ते भूपात नसतात, भावजी."

"सातातले दोन काढून घेतले आणि तू पूर्ण भाव देऊन आलास! तुला पेटीवाल्याने पण अशीच..."

"अहो!" सुनंदा म्हणाली.

"आणि हा खरं तर संध्याकाळचा राग," दिलीप तशातही प्रामाणिकपणे म्हणाला. "सकाळी ऐकायचे राग वेगळे असतात."

"म्हणजे संध्याकाळचा माल सकाळी चालत नाही? अरे, बर्फात घातलं तर पापलेटसुद्धा दोन दिवस टिकतं!"

दिलीपने डोळे मिटले. त्याचंही प्रेशर बघायला हवं होतं, असं आता वाटतं. पण बासरी मात्र चालू राहिली, आणि खरं सांगायचं तर ती कानाला बरी लागत होती. ओरडत नव्हती, घाई करत नव्हती, पाव्हण्यासारखी ओसरीवर टेकून बोलत होती. मी हे बोलून दाखवलं नाही. माल आवडला की चेहरा पाडायचा, हा धंद्यातला पहिला धडा.

"ठीक आहे," मी तोंड वाकडं करून म्हटलं. "चालवून घेईन. पण मागे तबलेवाला आहे, तो नीट वाजवतो कशावरून?"

दिलीपचे डोळे एकदम चमकले. "मोजून बघा ना! हा तीनताल. सोळा मात्रा. अंगठा चार बोटांवर एकेक करून टेकवायचा: एक, दोन, तीन, चार. असे चार फेरे. फक्त दोन फेरे झाले की नवव्या मात्रेला तळवा मोकळा सोडायचा. तिला 'खाली' म्हणतात. तिथून पुढे परत मोजायचं."

जाताना दारात तो हसला. मला तेही आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी गाळ्यात भूप लावून मी तबलेवाल्याची तपासणी सुरू केली. एक ना एक दिवस पंधरात उरकेल, चौदात उरकेल, आणि मी त्याला पकडीन! आठवडा गेला. दोन गेले. बासरीवाला कुठेही भटकून येई, पण तबलेवाला सोळा म्हणजे सोळा. एकही मात्रा कमी नाही! इतका सचोटीचा माणूस मी उभ्या बाजारात पाहिला नव्हता. मला त्याच्याबद्दल आदर वाटू लागला. तिसऱ्या आठवड्यात तर स्पीकर बंद असतानाही बोटं चालू. जेवताना, दाढी करताना, एस.टी.ची वाट बघताना. एक, दोन, तीन, चार, एक, दोन, तीन, चार, तळवा मोकळा!

आणि महिना भरायच्या दिवशी, दुपारी डॉक्टरांकडे जायचं होतं तेव्हा, सकाळी उस्मानभाई आले.

उस्मानभाई म्हणजे किनाऱ्यावरचे जुने व्यापारी. बारा वर्षं कुवेतला काढून आलेले, पण सुपारी दातांनी पारखणारे. आम्हा दोघांचा सौदा अजून जुन्या पद्धतीने होतो. मी ती वाशीच्या बाजारात शिकलो. दोघांनी हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि भाव बोटांनी बोलायचा, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. मी त्यांचं एक बोट दाबलं की मी किलोमागे पाच रुपये उतरलो. त्यांनी माझं दाबलं की ते पाच चढले. आणि तळव्यावर तळवा सपाट टेकला की सौदा पक्का. मग माघार नाही. जीभ फिरते, हात फिरत नाही.

मी कधीही दोन बोटांच्या वर उतरत नाही. बाजारात हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मी भाव सांगितला. उस्मानभाईंनी आपला सांगितला. तो ऐकून माझे कान तापले. "उस्मानभाई, ही रोठा सुपारी आहे, चिंचोके नाहीत!"

"चिंचोके असते तर कमी बोललो असतो, शेठ."

मी उसळणार, तेवढ्यात सुनंदाने (ती दुपारच्या तपासणीच्या काळजीने सकाळपासून गाळ्यात ठाण मांडून होती) स्पीकर चालू केला. "अहो, आज तरी नको," ती म्हणाली. "ऐका आणि मुकाट्याने सौदा करा."

रुमाल पडला. बासरी आली. समुद्रावरून वारा यावा तसं काहीतरी मानेवरून गेलं. मी डोळे मिटले. मागून माझा सचोटीचा तबलेवाला आला आणि सम पडली.

एक, दोन, तीन, चार.

हातात उस्मानभाईंचा हात आहे, हे मी साफ विसरलो होतो.

एक, दोन, तीन, चार.

आणि नवव्या मात्रेला, अगदी बिनचूक, मी तळवा मोकळा केला आणि त्यांच्या तळव्यावर सपाट टेकवला.

मी डोळे उघडले. उस्मानभाई माझ्याकडे बघत होते. बारा वर्षं वाळवंटात काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच भीती पाहिली.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "तबियत बरी हाय ना?"

मला कळायला तेवढाच वेळ लागला. आठ बोटं! किलोमागे चाळीस रुपये! त्यांनी मागितलेल्या भावाच्याही खाली! आणि वर पक्का!

ओरडावं असं वाटलं. तोंड उघडलं, पण आतून काही येईना! रागाच्या जागी नुसता भूप! महिन्याभराच्या औषधाने नेमका गरजेच्या वेळी दगा दिला!

उस्मानभाई मात्र उठले. त्यांनी एक पोतं उघडलं, सुपारी फोडली, हुंगली, चावली. मग दुसरं पोतं. मग तळाचं. "आट बोटं कोन उतरतो?" ते पुटपुटले. "मालात कायतरी गडबड हाय. मना न्हाय पाहिजे."

"माल एक नंबर आहे!"

"मग उतरलात कशाला?"

आता काय सांगू? तबल्यामुळे? आजूबाजूच्या गाळ्यांतली डोकी बाहेर आली होती. हा माणूस माल न घेता गेला, तर संध्याकाळपर्यंत म्हसळ्यापर्यंत बातमी: बाळाशेठची सुपारी किडली! मी उठून दारात आडवा उभा राहिलो.

"उस्मानभाई, हात दिलाय. माघार नाही. घ्यावाच लागेल!"

"दोन बोटं चढून देतो, पन खरं सांगा, काय झालाय मालाला?"

"एक पैसा चढायचा नाही! ठरल्या भावातच न्यायचा!"

उभ्या जन्मात मी गिऱ्हाइकाशी भाव कमी दे म्हणून भांडलो नव्हतो. अर्धा तास भांडलो. शेवटी सुनंदाने उस्मानभाईंना बोटांचा आणि तबल्याचा सगळा प्रकार सांगितला. ते आधी तिच्याकडे, मग स्पीकरकडे बघत राहिले, आणि पोत्यावर बसून असे हसले की तोंडातली सुपारी बाहेर पडली. माल घेतला. ठरल्या भावात. जाताना म्हणाले, "पुढल्या टायमाला येताना बासरीवाला मीच आनतो, शेठ!"

दुपारी डॉक्टरांनी पट्टा फुगवला. आकडा पाहिला. पुन्हा फुगवला नाही.

"उत्तम! सौदे खुशाल करा."

गादी वाचली. संध्याकाळी मी जन्मात पहिल्यांदा आपणहून दिलीपला फोन केला, दोन शब्द सुनावायला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भावजी, मी पेटीचा सांगितला तेवढाच भाव दिला होता. तुम्ही तर त्यांनी मागितलासुद्धा नव्हता, तेवढा कमी घेतलात." त्याच्यावर ओरडायलाही मला जमलं नाही. त्याने तो भूप लावून ठेवला होता. फोनमधून ऐकू येत होता.

एक गोष्ट सांगायची राहिली. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "आता रोज पंधरा मिनिटं ऐकलंत तरी पुरे."

"पंधरा?" मी म्हटलं. "पंचवीस द्या हो!"

"बरं, पंचवीस," डॉक्टर म्हणाले.

लगेच म्हणाले! एका शब्दात! घासाघीस नाही, काही नाही! रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला.

तीस मागायला हवी होती.