दहा विरुद्ध दोन

माझी मावशी ओडेलिया लुइझियानातल्या आमच्या गावच्या शाळेत स्वयंपाक करायची. १९९६ साली तिला ज्युरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या बारा नागरिकांत, बोलावणं आलं. दुकानदाराच्या खुनाचा खटला होता. आरोपी डेल्विन, वीस वर्षांचा, आमच्यासारखाच काळा पोरगा. त्याला ओळखणारी साक्षीदार एकच, आणि तिनं पळणाऱ्याला पाहिलं ते रस्त्यापलीकडून, पाठमोरं.

आमच्याकडे सरकारी वकीलही मतं मागून निवडून येतो; त्याची निवडणूक तोंडावर आली होती. 'खुन्यांना दयामाया नाही' असे त्याचे फलक चौकाचौकात लागले होते.

ज्युरीच्या खोलीत मावशी आणि एक म्हातारा सुतार एवढेच 'निर्दोष' म्हणाले. ज्युरीचा प्रमुख रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारा. त्यानं हात मोजले आणि कागद पुढे ओढला.

"दहा झाले. पुरे."

"अहो, चेहराच दिसला नाही, तर ओळखलं कसं? जरा ऐकून तरी घ्या!"

"मिस ओडेलिया, कायद्यानं दहा पुरतात. उगीच घसा कशाला कोरडा करता? मेलेल्या माणसाला न्याय नको का?"

"आणि जित्याला?"

प्रमुखानं कागदावर 'दोषी' लिहिलं. डेल्विनला मरेपर्यंत तुरुंग झाला. फलकांवरचा वकील निवडून आला.

बाकी देशात जवळपास सगळीकडे बाराही जणांचं एकमत लागायचं; आमच्याकडे नाही. काळ्यांना ज्युरीत घ्यावंच लागणार म्हटल्यावर शंभर वर्षांपूर्वी गोऱ्या पुढाऱ्यांनी काढलेली ही पळवाट होती. बसा म्हणावं खुशाल, तुमच्यावाचून अडणार नाही. हे कळलं त्या दिवशी मावशीनं राजमा ढवळायचा पळा भिंतीवर फेकून मारला. "मला तिथं शोभेला बसवलं होतं गं!"

२०१८ मध्ये हा कायदा बदलायचा की नाही, यावर मतदान झालं. एकाहत्तर वर्षांची मावशी सुजलेल्या पायांनी दारोदार फिरली. आमची बाजू जिंकली; यापुढे बाराही जणांचं एकमत लागणार होतं. दुसऱ्याच दिवशी ती एका वकिलाकडे गेली.

"आता डेल्विनला सोडतील ना?"

"नाही, बाई. नवा नियम नव्या गुन्ह्यांना. जुने निकाल तसेच."

"म्हणजे कायदा चुकीचा होता, पण त्यानं कोंडलेला माणूस बरोबर कोंडलाय?"

तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानंही जुन्या कैद्यांना नवा नियम लावायला नकार दिला.

त्यानंतर मी तिला घेऊन तुरुंगात गेले. पंचेचाळिशीच्या डेल्विनचे केस पांढरे झाले होते.

"दोघांनी नाही म्हटलं होतं, एवढं मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "ते कोण, ते कुणी सांगितलं नाही. तुम्ही होय?"

"मी दार अडवून बसायला हवं होतं रे."

"दार त्यांचंच होतं, मिस ओडेलिया."

परतताना मी गाडीत म्हटलं, "मावशी, तुझ्या हातात होतं ते तू केलंस."

"गप्प बस!" ती ओरडली. "माझी समजूत घालू नकोस. तो आत आहे."

आता ती दर महिन्याला माफी मंडळाला पत्र लिहिते. उत्तर छापील येतं. डेल्विन अजून आतच आहे.