ताईच्या लॅपटॉपवरचा किल स्विच

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या माझ्या बहिणीला तर मुळीच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं सोपं जाईल असं वाटलं. पण तेही खरं कारण नाही. खरं म्हणजे मला माझाच वैताग आलाय. सकाळी दुकानाचं शटर वर करताना येतो, जेवताना येतो, कुणी ताईचं नुसतं नाव काढलं तरी येतो. दुसऱ्यावर चिडलं तर भांडून मोकळं होता येतं. स्वतःवर चिडलेल्या माणसानं काय करायचं?

रायपूरला बुढापाऱ्यात, तलावामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. कॉम्प्युटर, राऊटर, प्रिंटर, कॅमेरे – बंद पडलेलं सुरू करून देणं हा माझा धंदा. दिवसभर फोन वाजतो आणि प्रत्येक फोनवर एकच वाक्य, ‘भैया, नेट नहीं चल रहा’. जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा नुसता प्लग निघालेला असतो. अशानं माणूस चिडका होतो म्हणे. की मी आधीपासूनच चिडका होतो? माझी आई म्हणते, तू लहानपणीही खेळणं नीट जोडता आलं नाही की भिंतीवर फेकायचास.

शुभाताई माझी मोठी बहीण. भाऊजी रेल्वेत, नोकरी बिलासपूरला, ते फक्त सुट्टीला घरी. ताई मुलीला घेऊन आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दोन गल्ल्या सोडून राहते. तेव्हा ती सिलतऱ्याला एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात ऑफिसात होती. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. त्या बसमध्ये बीरगावला पुष्पा साहू चढायची. ताईच्याच ऑफिसातली, ताईहून थोडी लहान. ताईनं तिच्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवायची, तिनं ताईसाठी डब्यात तांदळाच्या पिठाचा फरा आणायचा – असं किती वर्षं चाललं असेल. आमच्या घरी दिवाळीला ती यायचीच. ताईला सख्खी बहीण नाही. पुष्पा होती.

मग भट्टीवर तो अपघात झाला. ठेकेदाराचा एक मजूर, वितळलेल्या धातूचा शिंतोडा तोंडावर उडाला, एक डोळा गेला. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नव्हता, हातमोजे फाटलेले. आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगण्यात आलं की तो घरी स्टोव्ह भडकून भाजला. म्हणजे कंपनीचा संबंधच नाही. ताईनं त्याला स्ट्रेचरवरून नेताना स्वतः पाहिलं होतं. तिला ते सहन होईना.

कंपनीच्या मुख्य ऑफिसची एक वेबसाइट होती, नाव न देता तक्रार करायची. ताई माझ्याकडे आली. नाव नाही दिलं तरी तक्रार कोणत्या घरातल्या इंटरनेटवरून आली ते त्यांना कळू शकतं का, असं तिनं विचारलं. कळू शकतं, मी म्हणालो. म्हणून मी तिच्या लॅपटॉपवर व्हीपीएन बसवून दिलं. व्हीपीएन लावलं की तुमचं सगळं आधी कुठल्यातरी दुसऱ्या शहरातल्या मशीनकडे जातं आणि तिथून पुढे. समोरच्याला पत्ता दिसतो त्या मशीनचा, तुमच्या घरचा दिसत नाही.

पण ही जोडणी तुटते. आपल्याकडे तर सारखी. लाइट झपकली, राऊटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की तुटली. आणि लॅपटॉपला त्याचं काही वाटत नाही – तो गुपचूप साध्या नेटवर येतो आणि घरचा पत्ता घेऊन काम पुढे चालू ठेवतो. पडद्यावर काही फरक दिसत नाही. तेवढ्यासाठीच किल स्विच असतो. व्हीपीएन तुटलं की तो नेटच अडवून धरतो. व्हीपीएन परत जोडलं जाईपर्यंत एक अक्षर बाहेर जाऊ देत नाही. मी तो चालू केला आणि ताईला सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे नेट बंद पडलं तं मी वाचली, असं समजाचं का?’’

‘‘हव,’’ मी म्हणालो.

इथपर्यंत मी चांगला भाऊ होतो. इथेच थांबता आलं असतं तर!

तक्रार एकदा टाकून भागलं नाही. त्यांचे प्रश्न येत, कुठे झालं, कुणी पाहिलं, पुरावा काय. ताई घरी आल्यावर उत्तरं लिहायची. उन्हाळा होता, संध्याकाळी लाइट झपकायची, किल स्विच नेट अडवायचा आणि ताई मला फोन करायची. काहून बंद पडलं रे? मी सांगायचो, थांब, आपोआप येईल. कधी यायचं, कधी व्हीपीएन अडकून बसायचं आणि मला जावं लागायचं. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. बायको म्हणायची, सगळ्या गावाचं काम करता, बहिणीचं करायला काय होतं? काय होत होतं कुणास ठाऊक. पण प्रत्येक फोनला माझं डोकं फिरायचं.

एक दिवस एका दुकानदाराचे कॅमेरे लावत शिडीवर उभा होतो. दुकानदार खालून ओरडत होता, वायरी सापडत नव्हत्या, आणि खिशात ताईचा फोन वाजत राहिला. काम संपवून मी तसाच तिच्या घरी गेलो. लॅपटॉप मांडीवर घेतला, सेटिंगमध्ये गेलो आणि किल स्विच बंद केला. त्याला किती वेळ लागतो? काहीच नाही. पंख्याचं बटण दाबावं तेवढंच.

‘‘काय केलं?’’ ताईनं विचारलं.

‘‘सेटिंग नीट केली. आता नाही बंद पडणार.’’

ती इतकी खूश झाली की मला जेवल्याशिवाय सोडेना. तिनं वाढलेला वरण-भात मी खाल्ला. उन्हाळा सरला की परत चालू करू, असं मनाशी म्हणालो. नंतर विसरलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. मला आठवत होतं. तिच्या घरावरून जाताना दर वेळी आठवायचं. पण चालू केला तर पुन्हा फोन सुरू होतील, हेही आठवायचं.

आणि एके संध्याकाळी तिनं फोटो आणि व्हिडिओ पाठवले. भट्टीजवळचे, चष्म्याशिवाय उभ्या असलेल्या माणसांचे. पुष्पा तेव्हा तिच्या घरी चहाला आलेली होती, तिनं ते पाहिले. मध्येच लाइट झपकली. माझ्या दुकानातलाही पंखा थांबला होता. ताईच्या फाइली मात्र न अडता गेल्या. तिनं मला मेसेजही केला – आज एकदाही बंद पडलं नाही.

वाचून मला बरं वाटलं होतं. खरंच बरं वाटलं होतं.

काही दिवसांनी ताईला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. साहेबांनी आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाले, ‘‘मैडम, शिकायत आपके घर से गई है.’’

त्या संध्याकाळी ती आमच्याकडे आली. साहेबांचे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले आणि म्हणाली, ‘‘पुष्पानं सांगितलं. घरी बसून लिहून राहिली मी, हे तिलेच माहीत होतं.’’

‘घर से’ हे शब्द तिनं ऐकले आणि तिला मैत्रीण आठवली. मी ऐकले आणि मला तो बंद केलेला किल स्विच आठवला. ताईच्या मोबाइलवर ऑफिसची मेल होती आणि ती त्याच घरच्या वायफायवरून दिवसभर ये-जा करायची. म्हणजे कंपनीकडे ताईच्या घरच्या नेटचा पत्ता आधीपासून होताच. तक्रारही त्याच पत्त्यावरून आली की झालं, दोन नोंदी शेजारी ठेवून पाहायच्या. मी ताईला म्हणालो, लॅपटॉप आण, पाहू दे. तिनं आणला. व्हीपीएनच्या प्रोग्राममध्ये स्वच्छ दिसत होतं. त्या संध्याकाळी जोडणी तुटली होती आणि बऱ्याच वेळानं परत जुळली होती. फाइली मधल्या वेळात गेल्या होत्या.

मी लॅपटॉप मिटला. म्हणालो, ‘‘इकडून काही नाही गेलं, ताई. सगळं ठीक आहे.’’

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस हेच पुरेसं वाटत होतं – एक बटण, एक खोटं वाक्य. घाबरलो होतो, म्हणून बोलून गेलो. असं म्हणत म्हणत मी खऱ्या गोष्टीला वळसा घालतो. बघा, आताही घालतोच आहे.

ताईला ऑफिसातून काढून गेटवरच्या वजनकाट्यावर बसवलं. दिवसभर ट्रकांची धूळ, बोलायला कुणी नाही. बसमध्ये ती पुष्पापासून लांब बसायला लागली. शेवटी तिनं नोकरी सोडली. तक्रारीचं काही झालं नाही. तो मजूर एका डोळ्यानं गावी परत गेला.

आणि मग पुष्पा माझ्या दुकानात आली.

दुपारची वेळ. गिऱ्हाईक होतं, म्हणून ती बाहेर उन्हात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. दुकान रिकामं झाल्यावर आली आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाली, ‘‘भैया, मैंने दीदी की बात किसी से नहीं कही. कंप्यूटर से भी तो पता चल सकता है ना?’’

किती सोपं होतं. ती उत्तर माझ्या हातात देत होती. मला फक्त मान हलवायची होती. ती ताईकडे गेली असती, ताई माझ्याकडे आली असती, मला शिव्या दिल्या असत्या, महिनाभर बोलली नसती. मग बोलली असती. मी तिचा भाऊ आहे, तिनं मला टाकलं नसतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मग काहून नाही बोललो? दुकानाचं नाव जाईल म्हणून? लोक म्हणतील, सख्ख्या बहिणीचं काम नीट केलं नाही, आपलं काय करणार? तेही असेल. पण मला आठवतो तो रागच. पुष्पावरचा राग. ही बाई इथे येऊन नेमकं हेच काहून विचारून राहिली, असा.

मी म्हणालो, ‘‘नहीं दीदी. उसमें पूरा बंदोबस्त था. मशीन से नहीं निकला.’’

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला शंका आली नाही. माझ्यावर तिचा विश्वास होता, मी कॉम्प्युटरवाला होतो. ती हळूच म्हणाली, ‘‘तो फिर मेरे ही घर से निकला होगा. बस अपने आदमी को बताया था.’’

मी समोरचा राऊटर ओढून उघडायला घेतला. ती तशीच ताईच्या घरी गेली आणि तिनं माफी मागितली. चुकून माझ्या घरातून बाहेर गेलं असेल, दीदी, मला माफ करा, म्हणाली. ताईला दुसरं काय हवं होतं? इतके दिवस नुसता संशय होता, आता गुन्हेगार स्वतः कबूल करायला आली. ताईनं तिला दारातूनच परत पाठवलं. मला हे तिनंच सांगितलं. पाहा, शेवटी कबूल झाली, म्हणाली. मी हुंकार भरला.

त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात पुष्पाच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका ताईलाही होती, मलाही. ताई गेली नाही. मी गेलो. काहून गेलो ते विचारू नका, मलाच माहीत नाही. बीरगावला घरासमोरच मांडव होता. पुष्पानं मला लांबूनच पाहिलं, गर्दीतून वाट काढत आली, दीदी नाही आल्या का म्हणून विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मला हाताला धरून नवऱ्याकडे नेलं. साधा, बारकासा माणूस, एका कारखान्यात वेल्डर. ती हसत म्हणाली, ‘‘ये वही भैया हैं. और ये मेरे आदमी, जिनके मुँह से बात निकल गई थी.’’

तो माणूस ओशाळला. म्हणाला, ‘‘हव भैया, हमको तो याद भी नहीं किससे कहे थे. गलती तो हो गई.’’ आणि त्यानं स्वतःच्या हातानं माझ्या ताटात जिलेबी वाढली. एक वाढली, मग आग्रहानं आणखी एक.

त्याच्या तोंडून कधीच काही निघालेलं नव्हतं. त्याला आठवत नव्हतं, कारण आठवायला काही नव्हतंच. हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं.

मी दोन्ही जिलेब्या खाल्ल्या. घरी येताना ताईकडे थांबलो. कसं झालं लग्न, तिनं विचारलं. चांगलं झालं, मी म्हणालो.