गाड्या हळू करणारे काका

ड्रायव्हरकाकांनी आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त होऊन वर्ष सरायच्या आत अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू काढून घेतली. तोंड वाकडं झालं, शब्द जिभेवर लोळायला लागले. ते काय बोलतात हे घरात फक्त सुनेला कळे, आणि तिला कळे हे तिचं दुर्दैव, कारण मग न ऐकल्याचं सोंग करता येत नसे. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत, चाकाच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून त्यांना बसवलेलं असे. डोकं मात्र ठणठणीत होतं. ते तेवढं गेलं असतं तर बरं झालं असतं.

खिडकीबाहेर गल्ली होती. पूर्वी तिथे भर रस्त्यात मांजरं झोपायची. मग हमरस्त्यावर सिग्नल बसला आणि तो चुकवायला गाड्या गल्लीत शिरू लागल्या, त्याही अशा सुसाट की शाळेला निघालेली पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. गल्लीने स्पीडब्रेकर मागितला. पुढाकार एका निवृत्त शिक्षिकेचा, ज्यांना सगळी गल्ली नुसतं 'बाई' म्हणे. रस्ते खात्याचं उत्तर ठरलेलं होतं, पाहणी होईल. कधी होईल हे विचारायला गेलं की साहेब जेवायला गेलेले असायचे.

एका सकाळी सुनेला फरशी पुसायची होती. तिने खुर्ची ढकलत दाराबाहेर रस्त्याच्या कडेला नेली आणि कामाच्या नादात विसरली. बाई गॅलरीत उभ्या होत्या. भरधाव आलेली मोटार काकांजवळ येताच गोगलगाय झाली. मागची जीपही तशीच. टेम्पोवाला तर खुर्चीला लांबून वळसा घालून गेला. बाई पायांत चपला न घालताच खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने पाळ्या लावल्या. शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी कुणीतरी यायचं, "चला काका, जरा हवा खाऊ," म्हणायचं आणि खुर्ची बाहेर काढायचं. सून सुटली. तिला दुपारी झोप लागायला लागली.

आपल्याला कशासाठी नेतात हे काकांना पहिल्याच दिवशी कळलं. ड्रायव्हरला नाही कळणार तर कुणाला? पण त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याची पाळी असेल तो शेजारी टेकायचा, चहा पाजायचा, हनुवटीवर ओघळलेला पुसायचा. कोपऱ्यावरचा शिंपी तर स्टूल घेऊन यायचा आणि बटणं लावता लावता जगाच्या कुचाळक्या करायचा. खुर्ची गाड्यांसाठी आहे, पण गप्पा आपल्यासाठी आहेत, असा हिशेब काकांनी मनाशी मांडला. घरात कुणी त्यांच्याशी बोलून जमाना झाला होता.

खुर्ची आधी गटाराला लागून असे. मग ती हातभर पुढे सरकली, मग आणखी थोडी. तरीही नेहमीच्या गाडीवाल्यांना काकांची सवय झाली आणि वेग पुन्हा वाढला. बाईंनी बैठक बोलावली, तीही काकांच्या खुर्चीभोवतीच.

"काका फार नीटनेटके दिसतात," बाई म्हणाल्या. "इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. वाटतं, कुणाची तरी वाट बघत बसलेत. कीव कशी येणार?"

"डोक्याला पट्टी बांधू," शिंपी म्हणाला. "पांढरं कापड पडलंय माझ्याकडे."

काका काहीतरी बोलले. सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"चालेल म्हणतात," सून म्हणाली.

काका म्हणाले होते, शर्ट राहू दे.

शर्ट गेला, दाढी वाढली, पट्टी आली. बाईंनी वह्या तपासायची लाल शाई आणून पट्टीवर एक डाग दिला, चार पावलं मागे सरून पाहिला आणि आणखी थोडा मोठा केला. गाड्या पुन्हा रांगायला लागल्या. मोटारीतल्या एका तरुणीने काच खाली करून काकांच्या मांडीवर केळं ठेवलं. ते शिंप्याने सोलून खाल्लं. एकदा एका मोटारीचा आरसा काकांच्या कोपराला लागला आणि रक्त आलं. ते पुसता पुसता शिंपी म्हणाला, "चला, आता शाई वाचली." सगळे हसले. काकाही हसले, कारण सगळ्यांबरोबर हसायची संधी त्यांना फार दिवसांनी मिळाली होती.

शेवटी रस्ते खात्याचे साहेब आलेच. त्यांनी उभं राहून पाहिलं आणि विचारलं, "गाड्या तर मुंगीच्या पावलांनी चालल्यात. ब्रेकर कशाला हवाय तुम्हाला?" बाईंचं तोंड पडलं. स्वतःच्याच युक्तीने गल्ली तोंडघशी पडली होती. हातापाया पडून त्यांनी दुसरी पाहणी मिळवली. त्या दिवशी काकांना घरात ठेवलं, खिडकीसुद्धा लावून घेतली, कारण साहेबांनी त्यांना ओळखलं असतं. गाड्या अशा उधळल्या की साहेबांनाच उडी मारून एका पायरीवर चढावं लागलं. ब्रेकर मंजूर झाला.

तो झाला त्या दिवशी काकांनी हट्ट करून दाढी करून घेतली, शर्ट घालून घेतला आणि खुर्ची दाराकडे वळवायला लावली. बाहेर फोटो निघत होते. पहिली गाडी ब्रेकरवरून गेली, पुढची चाकं, मग मागची, हे काकांनी आवाजावरून ओळखलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना न्यायला कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शिंपी खिडकीवरून जाताना "बरे आहात ना?" म्हणायचा आणि उत्तराला थांबायचा नाही. काकांनी मुलाला दाराकडे बोट दाखवलं.

"आता कशाला बाबा?" मुलगा म्हणाला. "आता ब्रेकर आहे ना."

यात त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. तो खरंच समजावत होता.

गाड्यांनी मात्र ब्रेकर चुकवायला मागची गल्ली धरली. थोड्याच दिवसांत तिथला किराणा दुकानदार बाईंना घेऊन दारात उभा राहिला.

"आमची पोरं चिरडायची वेळ आलीय," तो मुलाला म्हणाला. "आमच्या ब्रेकरचं होईपर्यंत काकांना द्या."

"नेणं-आणणं तुम्ही करायचं," सून म्हणाली. "आणि चहा तुमच्याकडे."

"पट्टी मी धुऊन ठेवलीय," बाई म्हणाल्या.

दुकानदाराने काकांना आधी समोरून पाहिलं, मग बाजूने. "एक पाय नसता तर जास्त बरं झालं असतं," तो विचारात पडून म्हणाला.

"चादर टाकून तसं दाखवता येईल," बाईंनी सुचवलं.

काका बोलले. सगळे सुनेकडे वळले. तिने या वेळी खरं ते सांगितलं.

"तिथे गप्पा मारायला जवळ कोण बसणार, असं विचारतायत."

"बसेल की कुणीतरी," दुकानदार घड्याळाकडे बघत म्हणाला.

'कुणीतरी' म्हणजे कुणी नाही, हे काकांना आता कळत होतं. त्यांनी रिकाम्या खिडकीकडे पाहिलं. मुलगा खोलीतून केव्हाच निघून गेला होता. मग त्यांनी आणखी काही विचारलं.

"आता काय म्हणतात?" दुकानदार म्हणाला.

"आजच नेता का, म्हणतायत," सून म्हणाली.