आत्याबाईंच्या लुगड्याची गोधडी

सासूबाईंना आम्ही दोघी जावा आत्याबाई म्हणायचो. त्या गेल्या तेव्हा नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. मागे राहिली दोन लुगडी, एक जांभळं, एक हिरवं. हिरवं त्या वणीला देवीची ओटी भरायला जाताना तेवढं नेसायच्या, म्हणून त्याचा पदर अजून धड होता. आमच्याकडे गेलेल्या बाईचं लुगडं कुणी नेसत नाही, त्याची गोधडी करतात. म्हणजे माणूस घरातच राहतं, अंगावर.

आमचा मळा मखमलाबादच्या रस्त्याला. फुलांचा. पहाटे तोडणी, मग नाशकात फुलबाजार. दुपारी थोडी उसंत मिळाली की आम्ही ओटीवर लुगडी अंथरायचो, एक खाली, एक वर, मधे जुनी धोतरं आणि पोरांचे विटलेले सदरे. थोरल्या जाऊबाई एका काठाला, मी समोरच्या काठाला. दोघींनी धावदोरा घालत आत आत यायचं आणि मधे भेटायचं. आत्याबाईंनीच लावलेली ही रीत. आणि त्यांची एक सक्त ताकीद होती, एकीच्या बाजूला दुसरीनं सुई लावायची नाही. हात बदलला की कापडाला चुणी पडते, म्हणायच्या.

गोधडी निम्म्याहून जास्त झाली आणि घर फुटलं. विहीर एक, भाऊ दोन, पाण्याच्या पाळीवरून वाजलं ते वाजलंच. वाटणीच्या दिवशी गावातले चार शहाणे ओटीवर बसले. हंडे झाले, परात झाली, पाटा एकीला तर खलबत्ता दुसरीला. शेवटी कुणीतरी कोपऱ्यातली गोधडी उचलून म्हणालं, "आणि हिचं काय?"

थोरल्या जाऊबाई रागानं नुसत्या पेटलेल्या. म्हणाल्या, "काय म्हंजी? चालवा मधून कात्री! तिची बाजू तिला, माझी मला."

आमचे सासरे दिवसभर खाटेवर बसलेले. त्यांनी मान वर केली. "तिला कात्री लावायची असंल तर आधी मला लावा," म्हणाले. "दोघी मिळून पुरी करा. मग न्या ज्याला न्यायची त्यानं."

जाऊबाईंनी आपल्या बाजूला दोऱ्याला लोंबणारी सुई होती तिथंच टोचली आणि उठल्या.

त्यांनी बांधापलीकडे घर बांधलं. गोधडी माझ्याकडे राहिली, सुईसकट. सासरेही गेले. दर उन्हाळ्यात मी ती ट्रंकेतून काढायची, ऊन दाखवायची, कडुलिंबाचा पाला घालून परत ठेवायची. माझी बाजू मध्यापर्यंत झालेली, त्यांची निम्मी उघडी. कुणी म्हणेल, घालायचे चार टाके आणि मोकळं व्हायचं. पण मला नाही जमलं ते. लग्नकार्यात आम्ही समोरासमोर यायचो, हळदीकुंकू घ्यायचो, तोंडातून शब्द नाही. अशी आठ-दहा वर्षं गेली.

मग कुंभमेळ्याच्या आदल्या हिवाळ्यात फुलबाजारात जाऊबाईंची सून माझ्याशेजारी पाटी घेऊन बसली. म्हणाली, "काकू, सासूबाईंना दिसत नाही हो आता. काचबिंदू आहे म्हणे. गेलेली नजर काही परत येत नाही, उरलीय तीही जाणार. परवा त्यांनी झेंडूच्या पाटीत शेवंती मिसळली."

झेंडूत शेवंती! जाऊबाईंनी! घरी येईस्तोवर मला दुसरं काही सुचेना. त्यांची नजर गेली की त्यांची बाजू कायमची उघडी राहणार, आत्याबाईंचं लुगडं ट्रंकेत विरणार. आणि खरं सांगू का, गोधडी एक निमित्त. त्यांनी माझं शेवटचं पाहिलेलं तोंड भांडणातलंच राहणार, हे मला सोसेना.

गोधडी डोक्यावर घेतली. मालक म्हणाले, "बोचकं घेऊन कुठं निघालीस, माहेरी?"

"हो," म्हटलं, "बांधापलीकडच्या."

जाऊबाई पायरीवर बसल्या होत्या. मी चार हातांवर उभी, तरी विचारतात, "कोण हाय?"

"धाकटी," म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक करून माझ्या डोक्यावरच्या बोचक्याकडे पाहिलं. "काय आणलं?"

मी गोधडी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांचा हात काठावरून फिरत फिरत सुईपाशी थांबला. "गंजली की गं."

"तुम्हीच टोचून गेलात, बाई."

"मग काढायला बी मीच पायजे." आणि ओढून काढली.

त्या हिवाळ्यात रोज दुपारी मी बांध ओलांडायची. सुईत दोरा मी ओवायची, टाका त्या घालायच्या, डाव्या बोटानं आधीची ओळ चाचपत. मी नुसती समोर बसायची. "बोल की काहीतरी," म्हणायच्या, "एवढी वर्षं तोंड शिवलं व्हतं, पुरं नाय झालं?" मग आत्याबाईंच्या गोष्टी निघायच्या. वाटणीबद्दल मात्र दोघींपैकी एकीनंही चकार शब्द काढला नाही.

मधली वीतभर पट्टी राहिली आणि एके दिवशी त्यांनी सुई खाली ठेवली. बोटांतून रक्त आलेलं. "आता उजेड आन् अंधार एवढंच कळतं, धाकटे."

"द्या, मी घालते."

"माझ्या बाजूला तुझी सुई? आत्याबाई उठून बसतील!" त्यांनी काठ चाचपला. मग म्हणाल्या, "फिरव गोधडी."

"म्हणजे?"

"फिरव म्हन्ते ना. माझा काठ तुझ्याकडं कर, तुझा माझ्याकडं. आता ती तुझी बाजू झाली. घाल टाके."

मी गोधडी फिरवली. टाके घालताना मला दिसत नव्हतं, पण माझ्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. शेवटचं तोंड उघडं ठेवलं. त्यात भाकरीचा तुकडा आणि साखर घालायची असते, गोधडी उपाशी ठेवत नाहीत. तो घास त्यांनीच चाचपत घातला, मी तोंड शिवलं. मग त्यांनी मधल्या पट्टीवरून तळवा फिरवला.

"पडली का गं चुणी?"

"पडली, बाई."

"असू दे. पांघरून पांघरून बसंल."

गोधडी मी त्यांच्याकडेच ठेवून आले. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी बी हाय की." मी म्हटलं, तुम्ही पांघरा, मग मी. पुढचे तीन-चार हिवाळे त्यांनी पांघरली. शेवटच्या आजारपणातही तीच अंगावर होती.

त्या गेल्या. दिवस झाल्यावर त्यांची सून बांध ओलांडून आली, डोक्यावर घडी घेऊन. "सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं, काकू."

आता थंडी पडली की मीच पांघरते. झोप येईपर्यंत हात आपोआप मधल्या पट्टीवर जातो. चुणी अजून बसलेली नाही.